दोन्ही टोकांच्या चकत्या

"नवा सेल जुन्यांत घातला, की जुने त्याला आपल्यासारखं करून घेतात," असं वजीर होडेकर एकदा तुळसाला म्हणाले होते.

तुळसा तेव्हा त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिच्या नवऱ्याचे, बाबल्याचे, दिवस नुकतेच उरकले होते. मच्छीमारांची वस्ती असलेला सगळा मिरकरवाडा तिला सांगत होता की दर्यापुढे कुणाचं चालत नाही, नशिबात होतं ते झालं. तिला ते ऐकायचं नव्हतं. होडीत पाणी उपसायचा पंप होता, तो का बंद पडला, एवढंच तिने विचारलं. बुडालेली होडी ओढून आणल्यावर वजीरभाईंनीच तो पंप सोडवून आणला होता. त्याची बाटरी त्यांनी उघडली होती, आणि आत जे दिसलं ते त्यांनी तिला तसंच्या तसं सांगितलं. मागे स्टुलावर त्यांची सून इफ्फत बसली होती. तिच्या अंगावर काटा आला. त्या बाटरीत सेल उमेरने भरले होते. वजीरभाईंच्या मुलाने, तिच्या नवऱ्याने. आणि उमेर त्याच होडीत होता.

बाबल्याचं प्रेत सापडलं. होडीत बरोबर असलेल्या त्याच्या मेहुण्याचं सापडलं. उमेर सापडला नाही.

तुळसाने ऐकून घेतलं, टोपली उचलली आणि ती गेली. त्यानंतर रोज मासळी घेऊन ती त्याच रस्त्याने बाजारात जायची, पण त्या दुकानाकडे तिने मान वळवलेली कुणी पाहिली नाही.

दुकान मिरकरवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून होतं. ती भिंत बारा महिने घामाघूम असायची. भर वैशाखातही तिला हात लावला तर हात गार पडे, आणि तिच्या पोटातून दिवसभर एक गुरगुर येत राही. नव्या गिऱ्हाइकाला ती ऐकू यायची, जुन्याला नाही. वजीरभाईंना तर ती बंद पडली की ऐकू यायची. वीज गेली की ते हातातलं काम थांबवून मान वर करत, कुणी हाक मारल्यासारखी.

तरुणपणी ते आखातात दोह्याला होते, अवजारं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. परत आले तेव्हा भाऊबंदांना वाटलं, अत्तरं, ब्लँकेटं, सोन्याचं काही आणलं असेल. ब्लँकेट खरंच होतं. त्यात तान्हं मूल गुंडाळावं तसं सेलवर पट्टी चिकटवायचं वेल्डिंग मशीन गुंडाळलेलं होतं. रहिमाने, त्यांच्या बायकोने, ते ब्लँकेट धुऊन वापरायला घेतलं. मशीन दुकानात गेलं. तेव्हापासून सुतार, खिडक्या बसवणारे, होडीवाले, आंब्याच्या बागांत छाटणीची बाटरीवरची करवत फिरवणारे, असे सगळे त्यांच्या पायरीवर येत. नवी बाटरी घ्यायला जावं तर तेवढ्यात जवळपास नवं ड्रिल येतं. म्हणून मेलेली बाटरी इथं आणायची आणि भरून न्यायची. खोकं तेच ठेवायचं, आतले सेल काढायचे, दुसरे बसवायचे, वर पट्ट्या मारायच्या. माणसाच्या हातात परत जाताना ती बाहेरून होती तशीच दिसायची.

वजीरभाईंची एक रीत होती. काढलेला सेल ते कधी लगेच टाकत नसत. बाकावर जुनं कांबळं पसरलेलं असे, त्यावर ते सगळे सेल ओळीने आडवे मांडत, डोकी भिंतीकडे करून, आणि त्यांना पडू देत. दुसऱ्या दिवशी मीटर लावून पाहत. पार उतरलेले सेलही नुसते पडून राहिले की थोडे वर चढलेले असत.

इफ्फत दुकानात बसायला लागली, त्या सुरुवातीच्या दिवसांत तिला या सकाळच्या मोजणीची भीती वाटायची. एकदा तिने विचारलं होतं, "अब्बा, यांना कोण भरतं?"

"कुणी नाय. विसावतात."

"म्हणजे जिवंत आहेत?"

"काम सांगितलं नाय तोवर सगळेच जिवंत दिसतात," ते म्हणाले आणि मीटरची टोकं पुढच्या सेलवर टेकवली.

त्यांचं बोलणं असं होतं. गोड करून सांगणं त्यांना जमत नसे. बाटरी वाचणार नसेल तर गिऱ्हाइकाने पिशवीतून बाहेर काढायच्या आत, नुसत्या वासावरून ते सांगून मोकळे होत. फुटक्या सेलला काजूच्या सडक्या बोंडूसारखा गोडसर वास येतो. "घेऊन जा. मेली," म्हणत. एकाची म्हातारी आजारी होती, त्यालाही डॉक्टरच्या आधी यांनीच सांगितलं होतं, अशी वाड्यात गंमत चालायची. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण वजीरभाईंनी एखाद्या गोष्टीवर काही म्हटलं नाही असं झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

उमेरच्या बाबतीतही ते म्हणाले होते. होडीतून आणलेली ती बाटरी उघडली तेव्हा तिच्या कडांना मीठ धरलं होतं. आत फिकट पडलेल्या जुन्या सेलांच्या रांगेत एकच सेल नवा, चकचकीत, गर्दीत हरवलेल्या पोरासारखा. बाबल्या घाईत होता. एकच बदल, बाकीचे चालतील, म्हणाला असणार. उमेरला घरात हजारदा सांगितलेलं होतं की बदलायचे तर सगळे बदल, नाहीतर हात लावू नको. तरी त्याने लावला होता. आणि पंप नीट चालतो का बघायला म्हणून स्वतः होडीत बसला होता. वजीरभाई उघड्या बाटरीकडे बराच वेळ बघत राहिले, मग रहिमाला म्हणाले, "त्याने केलं. बाबल्याचं मरण, त्याच्या मेहुण्याचं मरण, दोन्ही."

रहिमाने त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलणं टाकलं. मुलाचा नंबर मात्र तिने बंद पडू दिला नाही. महिना भरला की ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाई आणि उमेरच्या मोबाइलवर रिचार्ज मारून येई. नाहीतर कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देते, असं तिने ऐकलं होतं. अस्राची, तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की ती एकदा तो नंबर लावायची. फोन बंद असल्याचं पलीकडची रेकॉर्डवरची बाई सांगायची, तेही नीट शेवटपर्यंत ऐकून घ्यायची.

या सगळ्यात इफ्फत कुणीच नव्हती. बेवा, विधवा म्हणावी तर मय्यत झालेली नव्हती. सौभाग्यवती म्हणावी तर माणूस नव्हता. लग्नघरी मेंदीचं ताट तिच्यापुढे आलं की क्षणभर थांबायचं, आणि पुढे सरकायचं. ताट धरणाऱ्या मुलीचा हात त्या एका क्षणात जो अवघडायचा, तो इफ्फतला पाठ झाला होता.

दुकानात तिला वजीरभाईंनीच बसवलं. कुणाला न विचारता एके सकाळी म्हणाले, "चल, घरात बसून काय वाळतेस." पट्टी कापायला शिकवलं, मशीनची टोकं धरायला शिकवलं. आणि चौथं वर्ष लागलं तेव्हा त्यांनीच तिच्यासाठी पूर्णगडचा हाशिम पाहिला. ट्रॉलरवर इंजिन सांभाळणारा, बायको वारलेला, कमी बोलणारा माणूस. काझींकडेही तेच गेले. नाहीशा झालेल्या माणसाची बायको म्हणून काझींनी इफ्फतला मोकळीक दिली. निघताना एक गोष्ट मात्र सांगितली. तो माणूस कधी माघारी आला, तर पहिला निकाह पुन्हा उभा राहील. तेव्हा नीट विचार करून पाऊल टाका.

"दर्यातून कोण माघारी येतो," वजीरभाई म्हणाले. निकाह शुक्रवारचा ठरला.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी आत्माराम सुतार आला. लांज्याकडचा गडी, इथं रत्नांग्रीत एका बंगल्याच्या फर्निचरचं काम धरून होता. जोहरची, दुपारच्या नमाजची, वेळ जवळ आलेली. होड्या बाहेर गेलेल्या, जेटी ओस, ऊन असं पडलं होतं की रस्त्याला सावली म्हणून नव्हती. आत्मारामने पिशवीतून बाटरी काढून बाकावर ठेवली.

"चाचा, हिला बघा जरा. सासऱ्यासारखी करते. चार स्क्रू मारले की बसते."

"मग सासऱ्यालाच आणायचंस."

"त्यांचं झाकण उघडत नाय."

इफ्फत पट्टी कापता कापता हसली. वजीरभाई हसले नाहीत. त्यांनी बाटरी हातात घेतली होती, आणि ती घेताच त्यांच्या बोटांनी पकड जरा सैल केली.

"गरम आहे."

"सावलीत होती, चाचा. दोन दिवस पिशवीतून काढली नाय." आत्माराम पुढे झुकला. "हसाल म्हणून सांगत नव्हतो. परवा जेवायला बसलो. ड्रिल कोपऱ्यात. कुणी हात लावला नाय, काय नाय, आपणच एक गिरकी घेतलीन. माझा जोडीदार ताटावरून उठून दारात जाऊन आला. म्हणे, कोण आलं बघतो."

"बटणात भुसा गेला असेल."

"भुसा गेला तर चालायचं बंद होतं. चालू कसं होईल?"

वजीरभाईंनी बाटरी उलटी करून पाहिली. "कुणी भरली होती?"

"आमच्या लांज्याला, गेल्या पावसानंतर. एष्टी स्टँडच्या मागे काजूचा कारखाना हाय, त्याच्या कुंपणाला लागून एक जण बसतो. हात चांगला हाय त्याचा. पण खरं सांगू, तिथं उभं राहवत नाय. आपण बोलतो, तो ऐकतो, आणि असं वाटतं, हा दुसरंच कायतरी ऐकतोय."

"नाव काय त्याचं?"

"कुणी विचारलंय? मुका म्हणतात त्याला. मुका नाय पण तो."

मशिदीतून बांग झाली. वजीरभाई उठले, टोपी घातली. "इफ्फत, खोलून ठेव हिला. आलोच."

आत्मारामही चहाला म्हणून गेला. दुकानात भिंतीची गुरगुर तेवढी उरली. इफ्फतने बाटरी पुढ्यात ओढली. ती खरंच गरम होती, आजारी मुलाचं कपाळ असतं तशी. तिने खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि आतला सेलांचा जुडगा अलगद तळहातावर घेतला.

आधी तिला एवढंच वाटलं की काम स्वच्छ आहे. मग तिने जुडगा उलटा केला आणि तिचा हात तिथंच राहिला.

सेलच्या वरच्या टोकाला पट्टी जोडतात, तिथं सेलचं टोक आणि त्याची कड यांच्यात केसाएवढी जागा असते. पट्टी कडेला टेकली की जाळ. म्हणून त्या टोकाला आधी जाड कागदाची गोल चकती घालतात, मधे भोक असलेली. खालचं टोक सपाट असतं. तिथं भिण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथं चकती कुणी घालत नाही. दोह्यात घालत नाहीत, मुंबईत घालत नाहीत, मिरकरवाड्यात घालत नाहीत. फक्त उमेर घालायचा. लहानपणी या बाकावर त्याच्या हातात एक बाटरी पेटली होती. तेव्हापासून तो दोन्ही टोकांना चकत्या लावायचा. वजीरभाई त्याला हसत. "अरे, तिथं काय भ्यायचंय?" तो म्हणायचा, "आपल्याला दिसत नाय, तेवढंच." हे सगळं लग्न होऊन आल्यावर इफ्फतला त्यानेच सांगितलं होतं, आणि तळहाताची ती गुळगुळीत, रेघा पुसल्या गेलेली जागा दाखवली होती.

आता तिच्या हातातल्या प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना चकती होती.

आणखी कुणी लावत असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग तिने पट्टीवरचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले. ते डावीकडून वर चढत गेले होते, डावखुऱ्या माणसाचे पडतात तसे, आणि उमेर डावखुरा होता. हे काम लांज्यात झालेलं होतं, गेल्या पावसानंतर. समुद्राने ज्याला नेऊन तीन पावसाळे उलटले होते, त्या हाताने.

भिंतीआड बर्फाची लादी फुटल्याचा आवाज झाला. इफ्फत दचकली नाही. ती उठून दारापर्यंत गेली, रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत येऊन बसली. शुक्रवारला किती थोडं अंतर होतं. तिने चिमटा घेतला आणि एकेक पट्टी ओढून काढायला सुरुवात केली. काम तिला येत होतंच. पट्टी सुटली की खालची चकती निघायची, ती तिने मुठीत घ्यायची. सगळ्या निघाल्या तेव्हा बाकावर नुसते सेल राहिले, जगातल्या कुठल्याही सेलांसारखे. तिने ते कांबळ्यावर मांडले, डोकी भिंतीकडे करून.

वजीरभाई आले. टोपी खिशात ठेवून बाकापाशी बसले, एक सेल उचलला आणि सवयीने त्याच्या बुडावरून अंगठा फिरवला. पट्टी निघाली तरी वेल्डिंगचे बारीक खड्डे सेलवर राहतात. ते नखाला लागतात. खड्डे डावीकडून वर चढत होते. त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी दुसरा सेल घेतला, तिसरा घेतला. ते बघत नव्हते. डोळे भिंतीकडे होते आणि अंगठा एकटाच वाचत होता.

"चकत्या कुठे आहेत?"

"वरच्या होत्या त्या टाकल्या."

"खालच्या?"

इफ्फतने मूठ घट्ट केली.

"मूठ उघड, बेटा."

तिने मूठ उघडली. घामाने भिजून चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. नुसतं पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की तिला वाटलं आता हे हसतील. ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

"लांजा किती लांब आहे, अब्बा?" ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. "गाडीत बसलं की दीड तास. येणाऱ्याला दीड तास पुरतो. तो आलेला नाय."

"अजून तो आहे हेच कळलेलं नाय."

"कळून काय करू? कळलं तर मी पुन्हा इथंच. मेंदीच्या ताटापुढे."

त्यांनी सेल जागच्या जागी ठेवले. मग म्हणाले, "उद्या दुकान बंद. मी जाऊन येतो. रहिमाला बोलू नको."

"मीपण येणार."

"तू कशाला?"

"निकाह कुणाचा आहे?" इफ्फत म्हणाली.

लांज्याच्या स्टँडवर दोघं उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वजीरभाईंच्या हातात कापडी पिशवी, तिच्यात दुकानातलीच एक बसलेली बाटरी. कारखान्यात काजू भाजणं चाललं होतं. त्या टरफलांच्या तेलाचा धूर घशाला लागत होता आणि कुंपणापलीकडे बायका काळ्या पडलेल्या बोटांनी बिया फोडत होत्या. टक, टक, टक, शेकडो बोटांचा एकच आवाज. कुंपणाला लागून पत्र्याची टपरी होती. आत एक माणूस पाठ करून बसलेला.

वजीरभाईंनी खाकरून आवाज दिला. तो वळला.

शेजारी निजलेला माणूस ओळखायला इतका वेळ लागतो, हे इफ्फतला माहीत नव्हतं. केस जवळजवळ पांढरे, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. डोळे तिच्यावर आले आणि भिंतीवरून सरकावेत तसे पुढे सरकले. त्यांत ओळखीची एक लकेरही नव्हती. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. नाही, हा कुणी दुसरा. आपण उगीच आलो.

"काय झालंय?" त्याने विचारलं. आवाज बारीक, न वापरलेला.

"बसलीय," वजीरभाई म्हणाले. "सगळे सेल बदलायचे."

"थांबाल?"

"थांबतो."

त्याने एक स्टूल पुढे सरकवलं. वजीरभाई बसले. इफ्फत उभी राहिली, पत्र्याच्या सावलीच्या कडेला. त्याने स्क्रू काढले, झाकण उघडलं, डाव्या हाताने. आत वजीरभाईंचं काम होतं, त्यांच्या हाताच्या सरळ ठिपक्यांचं. ते पाहून त्याची बोटं थांबली. मग त्याने मान खाली घातली आणि पट्ट्या सोडवायला लागला.

काजू फुटत राहिले. त्याने नवे सेल काढले, मोजले, रांगेत उभे केले. वरच्या टोकांना चकत्या घातल्या. मग सगळा जुडगा उलटा केला, आणि डबीतून आणखी चकत्या घेऊन खालच्या टोकांना घालू लागला. कुठेही न बघता, श्वास घ्यावा तसा. हाताचा तळवा क्षणभर उजेडाकडे वळला. त्यावर रेघा नव्हत्या.

इफ्फत सावलीच्या कडेवरून एक पाऊल आत आली.

"या शुक्रवारी हिचा निकाह आहे," वजीरभाई म्हणाले. बाटरीकडे बघत, हवापाण्याचं सांगावं तसं. "माझा मुलगा बुडाला. ही त्याची बायको. काझींनी मोकळीक दिलीय. पण तो माघारी आला तर हिचा पहिला निकाह उभा राहील, असं सांगितलंय. तो माघारी येणार का, तेवढं हिला कळायला हवं."

त्याच्या हातात मशीनची टोकं होती. त्याने ती सेलवर टेकवली. टच् असा बारीक आवाज झाला, ठिणगी उडाली आणि विझली. पुन्हा टच्.

"तुळसाबाय बसते का अजून बाजारात?" त्याने विचारलं.

"बसते."

"पोरं?"

"एक मुलगी. शाळेत जाते. टोपली उचलायला येते आईबरोबर."

टच्. ठिपके डावीकडून वर चढत होते.

"रोज दुकानावरून जाते का?"

"रोज."

"बघते?"

"नाय."

त्याने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. इफ्फतला एकदम कळलं की हा माणूस तिचं काही विचारणार नाही. आईचंही विचारणार नाही. त्याच्या जगात तुळसा ही एकच बाई चालत होती, रोज त्याच रस्त्याने, मान न वळवता. इफ्फतला कीव येईल असं वाटलं होतं, राग येईल असंही वाटलं होतं. दोन्ही आलं नाही. ती पुढे झाली आणि त्याच्या अगदी समोर उभी राहिली.

"माझं विचारलंय ते सांगा," ती म्हणाली. "तोंडाने सांगा. तुळसाचं तुळसाला जाऊन सांगा, मला माझं सांगा."

त्याने वर पाहिलं. या वेळी डोळे सरकले नाहीत. त्यांत उमेर होता, खूप आत, विहिरीच्या तळाशी उभं राहून वर बघणाऱ्या माणसासारखा.

"बुडालेला माघारी येत नाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"नाय येत. तुम्ही निकाह करा."

मग तो वजीरभाईंकडे वळला. त्याचा ओठ हलला. कुठला शब्द काढावा हे त्याला एक क्षण कळलं नसावं. "चाचा," तो म्हणाला, "झाली तुमची बाटरी."

खोकं बंद करून, झाकण पुसून त्याने ती फळीवर ठेवली. ती बाहेरून होती तशीच दिसत होती. वजीरभाईंनी तिला हात लावला नाही. त्यांचे हात मांडीवर होते, आणि डावा अंगठा तर्जनीच्या टोकावर पुढे मागे फिरत होता, तिथं काही लिहिलेलं असावं तसा. इफ्फत वाट पाहत राहिली. आता ते बोलतील. त्यांनी कुणाला कधी सोडलं नव्हतं. सगळ्या वाड्याला तोंडावर सांगितलं होतं, मेलं ते मेलं, केलं ते केलं. घरी चल म्हणतील, नाहीतर खुनी म्हणतील. आईने तुझा नंबर चालू ठेवलाय, एवढं तरी म्हणतील. फळीच्या पलीकडचा माणूसही वाट पाहत होता. त्याने खांदे वर ओढून घेतले होते, डोक्यावर काही पडणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखे, आणि ते पडावं असंच त्याला हवं होतं हे तिला दिसत होतं.

कुंपणापलीकडचा टकटकाट जेवणाच्या सुट्टीसाठी एकाएकी थांबला. इतकी शांतता झाली की फळीवरची बाटरी निवतानाचा बारीक कटकट आवाज तिघांनाही ऐकू आला.

वजीरभाई उठले. रिकाम्या पिशवीची घडी घातली, ती काखेत धरली, स्टूल होतं तिथं परत सरकवलं आणि काही न बोलता उन्हात निघून गेले.